गावठी कुत्र्याचं मांडीचं हाड मोडलंय – प्लास्टर चालेल की ऑपरेशनच लागेल? (सेलू, जि. परभणी)

मोंढा_सेलू

नमस्कार मंडळी. आमच्या दुकानासमोर राहणारा काळू, गावठी, वय साधारण ७ महिने. दुकानातल्या काट्यावर वजन साडेबारा किलो भरलं. परवा संध्याकाळी माल उतरवून मागे येणाऱ्या टेम्पोखाली त्याचा उजवा मागचा पाय आला. जोरात ओरडला आणि नालीत जाऊन बसला, कोणाला हात लावू देईना. शेवटी पोतं टाकून उचलला.

पाय मांडीतून लोंबतोय, मांडी सुजून दुप्पट झालीय. वरून जखम नाही, रक्त नाही. लघवी करतो. काल थोडी दूध-भाकरी खाल्ली. ओळखीच्या एक्स-रे सेंटरवाल्यांनी (माणसांच्या) फोटो काढून दिला. मांडीचं हाड मधोमध तिरपं तुटलंय आणि दोन्ही टोकं एकमेकांवर चढलीत.

गावातले एक जण म्हणाले प्लास्टर घाला, महिन्यात जुळेल. दुसरे म्हणतात परभणीला ढोराच्या कॉलेजात न्या, तिथं रॉड टाकतात. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी एवढं कशाला. मला तो परत पायावर उभा राहिलेला पाहिजे. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लवकर सांगा.

बालाघाट_बीड

दादा, घाबरू नका. आमच्याकडं शेळीचा, वासराचा पाय मोडला की मह्या मामानंच बांधायचा. आत कापूस, वरून बांबूच्या कामट्या, त्यावर सुती पट्टी. महिन्याभरात शेळी कळपात चरायला. मामाच्या हातची कितीतरी जनावरं बरी झालेली म्या डोळ्यानं बघितलीत. कुत्र्याचं हाड तर अजून कवळं हाय. ऑपरेशनला लै पैसा जातो, आधी बांधून बघा.

डॉ_गोदाकाठ

मी पशुवैद्य आहे, लहान प्राण्यांची हाडांची शस्त्रक्रिया हेच माझं रोजचं काम. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आमच्याकडे कायम येतो आणि बहुतेक वेळा उशिरा येतो.

बीडच्या दादांच्या मामांचं काम खरं आहे. शेळीचा किंवा वासराचा गुडघ्याखालचा पाय मोडला, तुकडे फारसे सरकले नसले, कातडी फाटली नसली, तर कामट्यांनी हाड जुळतं. पण ते का जुळतं ते बघा. मोडलेल्या हाडाच्या वरचा सांधा आणि खालचा सांधा, दोन्ही बांधून स्थिर करता आले तरच बाहेरून बांधलेलं काम करतं. नडगीला ते जमतं. मांडीच्या हाडाचा वरचा सांधा म्हणजे खुबा. तो अंगात, स्नायूंच्या आत. त्याला प्लास्टर पोचतच नाही. मांडीला प्लास्टर घातलं की त्याचं वरचं टोक बरोबर मोडलेल्या जागेपाशी येऊन थांबतं आणि प्लास्टरचं सगळं वजन खालच्या तुकड्याला लोंबतं. कुत्रा पाऊल उचलेल तेव्हा प्रत्येक वेळी मोडलेली जागा हलणार. म्हणजे न बांधलेलं परवडलं. पुढच्या पायात दंडाच्या हाडाचं असंच आहे, कारण खांदा बांधता येत नाही.

म्हणून काळूच्या बाबतीत प्लास्टर हा पर्याय नाही. आणि घरीही मांडीला काही बांधू नका. तसंच राहू द्या.

आता वेळेचं. या वयात हाड फार झपाट्याने जुळू लागतं. चांगल्या जागी धरलं तर ही मोठी जमेची बाजू, वाकड्या जागी असेल तर वाकडंच जुळतं. आठवडा उलटला की स्नायू आखडलेले असतात, टोकांभोवती नवं हाड धरायला लागलेलं असतं, आणि सर्जनला ती टोकं समोरासमोर आणायलाच निम्मी ताकद घालावी लागते. पिल्लांमध्ये आणखी एक वाईट गोष्ट होते, मांडीचा पुढचा स्नायू मोडलेल्या हाडाला चिकटतो. मग गुडघा वाकेनासा होतो आणि पाय ताठ, मागे ओढलेला राहतो. हाड जुळलं तरी तो पाय उपयोगाचा राहत नाही आणि तो सोडवणं फार अवघड. महिनाभर प्लास्टरमध्ये ठेवून मग आणलेल्या पिल्लांत हे मी वारंवार बघतो.

पण घाई म्हणजे आज रात्रीच कापा असं नाही. गाडीखाली आलेल्या कुत्र्याच्या छातीचा फोटो काढल्याशिवाय कोणी भूल देऊ नये. फुप्फुसाला मार बसलेला असू शकतो, छातीत हवा भरलेली असू शकते, छाती-पोटामधला पडदा फाटून आतडी वर सरकलेली असू शकतात. कुत्रा लघवी करतो म्हणून मूत्राशय धड आहे असंही धरून चालत नाही, पोट तपासायला सांगा. एक-दोन दिवस सलाईन, वेदना कमी करणारं औषध आणि तपासण्या, मग शस्त्रक्रिया, हा योग्य क्रम. हाड कातडी फाडून बाहेर आलं असतं तर मात्र त्याच दिवशी पळायला सांगितलं असतं. तशा जखमेत हळद, चुना, तंबाखू काही भरायचं नसतं. सलाईनच्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड झाकायचं आणि निघायचं. आपल्याकडे उन्हाळा-पावसाळ्यात अशा जखमेत दोन दिवसांत किडे पडतात.

फोटो एकच काढलाय का? दोन लागतात, एक बाजूने, एक समोरून, आणि दोन्हींत खुबा व गुडघा दिसला पाहिजे. बाजूच्या फोटोत सरळ दिसणारं हाड समोरून बघितलं तर पार सरकलेलं असतं.

एक कळकळीची विनंती. घरातली गोळी देऊ नका. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतात आणि मूत्रपिंडं घालवतात. (डायक्लोफिनॅकवर आपल्या देशात जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे. औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपली, त्यावरून.) मांजराला पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा जीवघेणी ठरते. कुत्र्यासाठी मेलॉक्सिकॅम वापरतात, तेही वजनावर आणि डॉक्टरांनी ठरवल्यावर.

परभणीला न्या. सेलूहून तासाभराचा रस्ता. तिथलं पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ चं आहे, लातूर-नांदेडकडच्या लोकांना उदगीरचं, १९८७ चं, जवळ पडतं. दोन्हीकडे शस्त्रक्रियाशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. निघण्याआधी फोन करून एवढंच विचारा, हाडाची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर त्या दिवशी आहेत का, आणि सळई-प्लेट आपण आणायची की तिथे मिळेल.

मोंढा_सेलू

डॉक्टर साहेब, एवढं समजावून सांगितलंत, मनापासून आभार. फोटो एकच काढलाय, बाजूचा. उद्या पहाटेच निघतो. नेताना कसं न्यावं? उचलला की चावायला येतो, एरवी अंगावर झोपणारं पोरगं आहे.

डॉ_गोदाकाठ

दुखतंय म्हणून चावतो, त्याचा राग धरू नका. मऊ कापडाची लांब पट्टी घ्या. नाकाडावर वरून एक वेढा, हनुवटीखाली गाठ, मग दोन्ही टोकं कानामागे नेऊन बांधा. उलटी करत असेल किंवा धापा टाकत असेल तर तोंड बांधायचं नाही. प्लायवूडचा तुकडा किंवा घट्ट ताणलेली चादर यावर मोडलेला पाय वरच्या बाजूला ठेवून आडवा घ्या, दोघांनी उचला. गाडीत कोणाच्या मांडीवर नको, फळीवरच राहू द्या. पहाटे खायला घालू नका म्हणजे भूल द्यायची वेळ आलीच तर अडचण नको. पाणी चालेल.

निघण्याआधी मोडलेल्या पायाच्या बोटांना चिमटा काढून बघा. मान वळवून बघतो का, ओरडतो का? नुसता पाय ओढून घेणं वेगळं. त्याला जाणवतंय हे दिसलं पाहिजे. जाणवत असेल तर पायाच्या नसेची आशा चांगली आहे, आणि ते तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मन्याड_खोरं

आमचा अनुभव सांगतो म्हणजे सेलूच्या दादांना प्रश्न विचारता येतील. आमच्या कुत्रीला मांडीतच फ्रॅक्चर होतं. एका खाजगी ठिकाणी नुसता एक रॉड टाकून दिला. सुरुवातीला छान चालली. नंतर ढुंगणाजवळ गाठ आली, तिथे पाणी साचायचं, आणि रॉडचं टोक कातडीतून हाताला लागू लागलं. फोटो काढला तर रॉड वर सरकलेला आणि हाडाचा खालचा भाग फिरलेला. दुसऱ्या शहरात नेऊन सगळं काढून प्लेट बसवली. आता पळते, पण पंजा थोडा बाहेर वळलेला राहिला. तर रॉड म्हटलं की कोणता, किती, त्याच्या जोडीला काय, हे विचारा.

ओटी_लातूर

मी लातूरला माणसांच्या अस्थिरोग दवाखान्यात ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. प्राण्यांचा अनुभव नाही, पण हत्यारं रोज हाताखालून जातात, त्यामुळे मन्याड खोऱ्याच्या पोस्टवर लिहावंसं वाटलं. गुळगुळीत सळई हाडाच्या पोकळीत घातली की हाड वाकत नाही. एवढंच तिचं काम. हाड फिरणं आणि आखूड होणं ती थांबवू शकत नाही. जात्याच्या मधल्या खिळ्याभोवती वरची तळी फिरते तसं हाड सळईभोवती फिरतं. माणसांत म्हणूनच वर-खाली स्क्रूने अडकवलेली सळई टाकतात. कुत्र्यात तशी मिळते का डॉक्टर? आणि प्लेटा आमच्याच वापरता का? आमच्याकडे हाताच्या बोटांसाठी २ मिलिमीटर स्क्रूच्या बारीक प्लेटा असतात.

डॉ_गोदाकाठ

अगदी नेमकं लिहिलंत. स्क्रूने अडकवायची सळई प्राण्यांसाठीही असते, पण ती योग्य मापात आणि तिची सगळी साधनं असणारी ठिकाणं कमी. प्लेटांचं म्हणाल तर हो, लहान कुत्र्यांना आणि मांजरांना तुमच्या बोटांच्या २ मिलिमीटरच्या प्लेटा उत्तम बसतात. मध्यम कुत्र्याला २.७, मोठ्याला ३.५. पोलाद तेच, न गंजणारं ३१६ एल. तंत्रही तिकडूनच आलं, १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एओ नावाचा सर्जनांचा गट स्थापन झाला, त्यांची तत्त्वं आम्हीही शिकतो.

उलटही घडलेलं आहे. ऑटो स्टेडर हे अमेरिकेतले पशुवैद्य. कुत्रे प्लास्टर चावून काढतात म्हणून त्यांनी १९३० च्या दशकात कातडीतून हाडात पिना घालून बाहेर दांडीला जोडायची पद्धत तयार केली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने तीच जखमी खलाशांच्या पायांना वापरली. आज तुमच्या थिएटरमध्ये फाटलेल्या, घाण गेलेल्या जखमेवर बाहेरून चौकट बसवतात, त्या कामात एका कुत्र्यांच्या डॉक्टरचा वाटा आहे.

काळूला काय बसेल? फोटो बघितल्याशिवाय ठाम सांगणार नाही, पण तिरपं, चढलेलं, मधलं फ्रॅक्चर आणि धावपळ करणारं वय, यात एकटी सळई मी टाकणार नाही. सळईच्या जोडीला प्लेट, किंवा सळई आणि बाहेरची चौकट एकमेकांना जोडून, किंवा नुसती भक्कम प्लेट. प्लेट असेल तर मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना निदान तीन-तीन स्क्रू. तार गुंडाळतात तेव्हाही नियम आहे. तुटलेली रेघ हाडाच्या जाडीच्या निदान दुप्पट लांब असेल तरच तार, आणि एक कधीच नाही, दोन तरी. आखूड रेघेवर एकच तार गुंडाळली तर ती हाड धरत नाही, फक्त त्याचा रक्तपुरवठा आणि जुळणं बिघडवते. सेलूच्या दादांनी तिथे हे असंच विचारावं, कोणत्याही चांगल्या सर्जनला असे प्रश्न आवडतात.

आणि वाढीची चकती. ७ महिन्यांच्या कुत्र्यात गुडघ्याजवळ हाड वाढायची जागा अजून उघडी असते. स्क्रू तिच्या आरपार गेला तर पाय त्या बाजूने वाढायचा थांबतो. फ्रॅक्चर चकतीतूनच असेल तर तिथे गुळगुळीत बारीक पिना एकमेकींना छेद देऊन घालतात, त्या वाढीला अडत नाहीत.

जालना_०२४८२

मध्येच विचारतो, क्षमस्व. आमची पॉमेरेनियन, तीन किलोची, दिवाणावरून उडी मारली आणि पुढच्या पायाचं मनगटावरचं हाड मोडलं. दोनदा प्लास्टर झालं. अजून पाय टेकवत नाही, फोटोत टोकं बारीक झालेली दिसतात.

डॉ_गोदाकाठ

ताई/दादा, हे फ्रॅक्चर छोट्या जातींचं नेहमीचं आणि फसवं. तो भाग कोपराखालचा, म्हणजे प्लास्टर चालायला हवं असं वाटतं. पण या जातींत मनगटाच्या वर हाडाला रक्तपुरवठा तोकडा आणि भोवती स्नायू जवळपास नाहीतच. प्लास्टरमध्ये न जुळण्याचं प्रमाण खूप. टोकं बारीक होणं म्हणजे हाडाने जुळण्याचा प्रयत्न सोडलाय. तिसरं प्लास्टर घालू नका. आता मेलेली टोकं थोडी साफ करून, खांद्याजवळच्या हाडातला गर आणून भरून, बारीक प्लेट बसवावी लागेल. कोणी त्या हाडात सळई टाकतो म्हणालं तर नको म्हणा. पुढच्या पायाच्या त्या हाडात सळई घालायला वाट मनगटाच्या सांध्यातूनच आहे, सांधा खराब होतो.

मोंढा_सेलू

परभणीहून परत आलो. छाती-पोट ठीक आहे, पाय जाणवतोय. दुसरा फोटो काढला, त्यात तुम्ही म्हणालात तसं हाड जास्त सरकलेलं दिसलं. सळई आणि प्लेट दोन्ही टाकायचं ठरलं. पण रक्त तपासलं तर प्लेटलेट ३८ हजार आल्या. अंगावर गोचिड्या होत्या, त्याचा ताप रक्तात आहे म्हणतात. औषध सुरू केलं, आज ऑपरेशन नाही केलं. मला भीती वाटतेय, तुम्ही तर आठवड्याच्या आत म्हणाला होतात.

डॉ_गोदाकाठ

थांबवलं ते योग्यच केलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं म्हणून तुमचा कुत्रा वाचला म्हणा. मराठवाड्यात फिरत्या कुत्र्याला गोचिड्यांतून एर्लिकिया होणं अगदी सामान्य आहे. तो जंतू रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट खाली आणतो. वरून कुत्रा ठणठणीत दिसतो, मांडी उघडली की रक्त थांबत नाही. मांडीच्या स्नायूंत काम करताना तसंही रक्त जातं. पन्नास हजारांच्या खाली मी स्वतः मांडी उघडत नाही.

त्या जंतूवरचं औषध, डॉक्सिसायक्लिन, सुरू झालं की बऱ्याच कुत्र्यांत काही दिवसांतच प्लेटलेट चढू लागतात. पुन्हा तपासतील. बरं वाटलं म्हणून ते औषध मध्येच बंद करायचं नाही, साधारण चार आठवडे चालतं. जेवणाबरोबर द्या, नुसत्या पोटी उलटी होते. तोवर काळूला एका जागी ठेवा. चार-पाच दिवस उशीर झाला तर सर्जनला कष्ट जास्त पडतील, पण ते निभावतं.

लागलंच तर रक्त द्यायची तयारी ठेवा. गावातला एखादा मोठा, निरोगी, गोचीड नसलेला, तपासलेला कुत्रा देणारा म्हणून चालतो. कुत्र्याला आयुष्यातलं पहिलं रक्त देताना धोका कमी असतो, कारण दुसऱ्या गटाविरुद्ध तीव्र प्रतिकार त्याच्या रक्तात आधीपासून नसतो. जुळवून बघणं शक्य असेल तर तरीही बघावं. मांजराचं उलट, त्यांच्यात तो जन्मजात असतो. मांजराला गट तपासल्याशिवाय रक्त कधीच नाही.

उदगीर_ताई

मी गेली काही वर्षं रस्त्यावरच्या जखमी कुत्र्यांना घरी ठेवून शस्त्रक्रियेनंतर सांभाळते. दादा, ऑपरेशनचं सगळे विचारतात, नंतरचं कोणीच विचारत नाही. आणि कामं बिघडतात ती तिथेच. परत आल्यावर काळू दुकानासमोर मोकळा राहणार असेल तर ऑपरेशन करू नका, हे मी स्पष्ट सांगते. त्याला कमीत कमी सहा आठवडे बंद जागा लागेल. आधी ती जागा ठरवा, मग तारीख घ्या.

पिंजरा विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही. मी जुनी बाज आडवी उभी करून कोपरा अडवते, उरलेल्या बाजूला जाळी. जागा एवढीच की तो उभा राहील, वळेल, आडवा होईल. उडी नको, दोन पायऱ्याही नकोत. शहाबादी फरशीवर तर बिलकुल नको, पाय घसरला की स्क्रू उपटतो. तरट अंथरा, चारही कोपऱ्यांना विटा ठेवा म्हणजे सरकत नाही. रोज उन्हात टाका.

लघवीला बाहेर नेताना जुनी ओढणी पोटाखालून घालून दोन्ही टोकं वर धरा. मागचं अंग थोडं तोलायचं, उचलून चालवायचं नाही, पाय जमिनीला लागला पाहिजे. नर आहे, ओढणी पुढे सरकून लघवीच्या जागेवर येते, मग तो करत नाही आणि आपण म्हणतो लघवी अडली. जराशी मागे, मांड्यांजवळ घ्या.

गळ्यातला शंकू रात्री काढायचा नाही. तेवढ्या वेळात टाके चाटून उसवतात. बाजारातला लहान पडला तर एक्स-रेच्या दोन जुन्या फिल्म जोडून करा, कडेला चिकटपट्टी लावा म्हणजे मान कापत नाही. शंकूची कड नाकाच्या पुढे बोटभर गेली पाहिजे. पाणी उथळ थाळीत ठेवा.

आणि वेळेवर औषध. आपल्याकडे लोक म्हणतात दुखू द्या, म्हणजे कमी हलेल. कृपा करून असं करू नका. दुखलं की तो पाय वर धरतो, वर धरला की स्नायू आखडतो.

डॉ_गोदाकाठ

ताईंच्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य प्रत्येक मालकाला वाचून दाखवावं असं आहे. काळूच्या वयात गुडघा वाकता ठेवणं हीच खरी लढाई. सूज उतरली की, तिथल्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, दिवसातून तीन-चार वेळा पाय हातात घेऊन गुडघा हळूहळू वाकवायचा आणि सरळ करायचा, दर वेळी दहा-पंधरा वेळा. ओरडला तर तिथेच थांबायचं. एक हात मांडीवर, दुसरा घोट्यावर, मोडलेल्या जागेवर जोर नाही. काही दिवसांतही गुडघा वाकेना वाटलं तर टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

बालाघाट_बीड

डॉक्टर, शेळीचं गुडघ्याखालचं तेवढं बांधायचं, हे आता ध्यानात आलं. मामाला बी सांगतो, मांडीचं आलं की परभणीला धाडायचं. एक विचारतो. बांधलेलं किती घट्ट असावं?

डॉ_गोदाकाठ

खालची बोटं उघडी ठेवायची आणि रोज सकाळ-संध्याकाळ बघायची. गार पडली, सुजली, फाकली, की लगेच सोडायचं. कामट्या सगळ्या बाजूंनी कापसात, हाडाच्या उंचवट्यांवर जास्त कापूस. वास आला तर तिसऱ्या दिवशीही उघडून बघा. घट्ट बांधून तसंच ठेवल्याने पाय काळा पडून कापावा लागलेली वासरं दर पावसाळ्यात येतात. मामांचा हात चांगला आहे, एवढी एक गोष्ट त्यात घातली की अजून जनावरं वाचतील.

मन्याड_खोरं

पैशाचं कोणी बोलत नाही म्हणून विचारतो. सेलूच्या दादांना जमेल, सगळ्यांना नाही. तेव्हा काय करावं? भूल देऊन कायमचं झोपवणं हाच मार्ग उरतो का?

उदगीर_ताई

नाही. मोडका पाय एवढ्या कारणासाठी कधीच नाही. तीन पायांवर कुत्रा मजेत जगतो. माझ्याकडे दोन आहेत, गल्लीतल्या डुकरांमागे सगळ्यांच्या पुढे असतात. पाय काढायची शस्त्रक्रिया एकदाच होते, प्लेटचा खर्च नाही, फोटोसाठी फेऱ्या नाहीत, बंद ठेवायचे दिवस कमी. सांभाळायला माणूस नसेल अशा भटक्या कुत्र्यासाठी मला तीच जास्त प्रामाणिक वाटते. वाकडा जुळलेला, दुखणारा पाय आयुष्यभर ओढण्यापेक्षा नक्कीच.

डॉ_गोदाकाठ

सहमत. फक्त फार जड कुत्रा आणि उरलेल्या पायांचे सांधे आधीच खराब असलेला कुत्रा, इथे विचार करावा.

मोंढा_सेलू

झालं ऑपरेशन. प्लेटलेट १ लाख १० हजारांवर आल्यावर घेतलं. सळई आणि २.७ ची प्लेट. सर्जननी सांगितलं टोकं ओढून आणायला बराच वेळ गेला, पण फोटो दोन्ही बाजूंनी सरळ आलाय. दुकानामागच्या खोलीत ताईंनी सांगितल्याप्रमाणे बाज आणि जाळी लावलीय. घरच्यांपैकी आईच सगळ्यात आधी तरट घेऊन आली. दुसऱ्या दिवसापासून पाय टेकवायचा प्रयत्न करतोय. एक प्रश्न, हे लोखंड कायम आत राहणार का?

डॉ_गोदाकाठ

फार आनंद झाला. वय लहान आहे, ४-५ आठवड्यांनी पहिला फोटो घ्या, त्यात नवं हाड भरलेलं दिसायला हवं. मोठ्या कुत्र्यात त्यालाच दोन-तीन महिने लागतात. सळई हाड जुळल्यावर सहसा काढतात, कारण ती सरकू शकते. प्लेट त्रास देत नसेल तर राहिली तरी चालते, पण वाढत्या वयात काढायची का ते तिथल्याच सर्जननी फोटो बघून ठरवावं. पाच-सहा महिन्यांनी अचानक लंगडू लागला, जागा गरम लागली, पाणी आलं, तर लगेच न्या. स्क्रू सैल झाला असेल किंवा जंतुसंसर्ग असेल.

सिडको_एन७

धागा पूर्ण वाचला. छत्रपती संभाजीनगरहून लिहितेय. आमची मनी, दीड वर्षांची मांजर, चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून पडली. कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. इथले डॉक्टर म्हणतात ऑपरेशन नको, पिंजऱ्यात ठेवा. काळूला एवढं सगळं आणि मनीला नुसता पिंजरा, हे पटत नाहीये. खात नाही, कोपऱ्यात बसून राहते, ओरडत मात्र नाही.

डॉ_गोदाकाठ

ताई, तुमच्या डॉक्टरांचं बरोबर असू शकतं. कमरेचं हाड हे चारही बाजूंनी स्नायूंनी धरलेलं कडं आहे. खुब्याची वाटी आणि तिथून मणक्यापर्यंत वजन नेणारा भाग शाबूत असेल, तर मांजरात चार ते सहा आठवडे लहान पिंजऱ्यात ठेवून ते छान जुळतं. त्यांना इतकंच विचारा, खुब्याची वाटी फुटलीय का, आणि आतली वाट अरुंद झालीय का. वाटी फुटली असेल किंवा वाट फार दबली असेल तर शस्त्रक्रिया लागते. अरुंद जुळलं तर पुढे शी अडकते आणि मोठं आतडं कायमचं ताणलं जातं.

ओरडत नाही म्हणजे दुखत नाही असं समजू नका. मांजर दुखणं लपवतं. न खाणं आणि कोपऱ्यात बसणं हीच तिची तक्रार. वेदनेचं मांजरांसाठीचं औषध आजच मागून घ्या. दोन दिवसांच्या वर उपाशी राहिली तर यकृत बिघडू लागतं. गरम केलेलं मासळीचं पाणी, उकडलेली कोंबडी हाताने भरवून बघा, नाही घेतलं तर दवाखान्यात नळीने द्यावं लागेल. कडा बुटक्या असलेला वाळूचा ट्रे पिंजऱ्यातच ठेवा, आणि लघवी किती वेळा होते ते लिहून ठेवा. चोवीस तासांत एकदाही झाली नाही तर उद्याची वाट न बघता न्या. गॅलरीला जाळी तिला घरी मोकळी सोडण्याआधी लागू दे.